कोलियसचा गोतावळा

१७९० साली लिस्बनच्या विज्ञान अकादमीने 'फ्लोरा कोचिनचिनेन्सिस' नावाचा एक लॅटिन ग्रंथ दोन खंडांत छापला. कोचिनचायना म्हणजे आजच्या व्हिएतनामचा दक्षिणेकडचा भाग. तिथल्या झाडाझुडपांचे वर्णन करणाऱ्या या ग्रंथाचे लेखक होते जुआंव द लोरेइरो नावाचे जेज्विट पाद्री. 'कोलियस' हे नाव वनस्पतिशास्त्रात दाखल झाले ते या ग्रंथातून. बल्कांवाच्या कठड्यावर, राजांगणाच्या कडेला, झालेच तर पत्र्याच्या डब्यात नाहीतर फुटक्या बादलीत जे लाल-हिरवे-जांभळे नक्षीदार पानांचे झाड आपण लहानपणापासून पाहत आलो, त्याच्या नावाचा हा जन्मदाखला.

आणि हे पाद्रीबाब आपल्याला अगदीच परके नव्हेत. कोचिनचायनाला जाण्यापूर्वी त्यांनी सुमारे तीन वर्षे गोव्यात आणि मग चार वर्षे मकावमध्ये काढली. १७४२ साली ते कोचिनचायनात पोहोचले. म्हणजे त्यांचा गोव्यातला मुक्काम १७३० च्या दशकात पडतो. चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि मराठी फौजा सासष्टीत उतरल्या, तेच हे दशक. त्या धामधुमीत एक पाद्री गोव्याच्या बंदरातून पुढे पूर्वेकडे निघून गेला, याची दखल आपल्या इतिहासकारांनी कशाला घ्यावी? पण मला स्वतःला इतिहासातल्या अशा आडवाटेच्या माणसांचे फार अप्रूप वाटते.

लोरेइरो काही शिकलेले वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. कोचिनचायनात युरोपातली औषधे मिळेनात, तेव्हा त्यांनी तिथल्याच झाडपाल्याकडे लक्ष वळवले. राजदरबारात त्यांना थारा मिळाला तो गणित जाणणारा आणि झाडपाला ओळखणारा माणूस म्हणून. धर्मप्रचाराला बंदी येई, पाद्र्यांना हाकलले जाई, पण औषध देणाऱ्याला कोण हाकलणार? पुढे एका इंग्रज जहाजाच्या कप्तानाकडून त्यांना लिनियसचे ग्रंथ मिळाले आणि आपण इतकी वर्षे जे गोळा करतो आहोत त्याला एक शास्त्र आहे, त्याची एक पद्धत आहे, हे त्यांना कळले. पस्तीस वर्षे त्या देशात काढून, मध्ये कँटनला राहून, ते लिस्बनला परतले तोवर म्हातारे झाले होते. ग्रंथ छापून आला १७९० मध्ये, १७९१ मध्ये ते वारले.

आता गंमत पाहा. लोरेइरोंनी 'कोलियस' हे नाव ज्या झाडाला दिले ते आपले नक्षीदार पानांचे झाड नव्हेच. ते होते 'कोलियस अँबोइनिकस', म्हणजे आपला पानओवा! जाड, लवदार, चुरगळले की ओव्याचा वास येणारे पान. लेकराला सर्दी झाली की त्याचा रस काढायचा, पावसाच्या संध्याकाळी बेसनात बुडवून भजी तळायची. ग्रीक भाषेत 'कोलिओस' म्हणजे तलवारीची म्यान. या झाडाच्या इवल्याशा फुलात पुंकेसरांचे देठ तळाशी एकमेकांना चिकटून एक नळी करतात आणि फुलाचा मधला दांडा त्या नळीतून जातो. भिंगाशिवाय हे नीट दिसायचेही नाही, पण पाद्रीबाबांना त्यात म्यान दिसली. पानासाठी जगभर गाजलेल्या एका कुळाला फुलावरून नाव मिळाले, तेही अशा फुलावरून की जे माळी दिसल्याबरोबर खुडून टाकतो.

पानओव्याची आणखी एक कथा सांगायलाच हवी. इंग्रजीत त्याला क्यूबन ओरेगानो म्हणतात, मेक्सिकन मिंट म्हणतात, स्पॅनिश थाइम म्हणतात आणि इंडियन बोरेज असेही म्हणतात. लोरेइरोंनी दिलेले 'अँबोइनिकस' हे विशेषण इंडोनेशियातल्या आंबोन बेटावरून आलेले. आणि झाड मूळचे आफ्रिकेकडचे असे मानतात! प्रत्येक गावाने त्याला दुसऱ्याच गावचे समजावे असा प्रकार. सतत बदली होणाऱ्या नोकरदारासारखे ते जिथे गेले तिथे आधीच्या ठिकाणाच्या नावाने ओळखले गेले.

मग आपले नक्षीदार झाड कुठले? त्याचे गाव जावा, मोलुक्का, फिलिपाईन्सच्या बाजूला. त्याच आंबोन बेटावर सतराव्या शतकात रुम्फियस नावाचा जर्मन माणूस डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होता. त्याने या झाडाची नोंद 'मायाना' या नावाने केली. तिकडे अजूनही त्याला मियाना, मायाना म्हणतात. रुम्फियसच्या आयुष्याची हकिगत वाचताना अंगावर काटा येतो. १६७० मध्ये त्याचे डोळे गेले. १६७४ च्या भूकंपात बायको आणि मुलगी गेली. १६८७ च्या आगीत चित्रे जळाली. पुन्हा सगळे उभे करून हस्तलिखित हॉलंडला पाठवले, तर १६९२ मध्ये ते जहाजच फ्रेंचांनी बुडवले. सुदैवाने एक नक्कल मागे ठेवलेली होती. १७०२ मध्ये तो आंधळा माणूस मेला आणि ग्रंथ छापला गेला १७४१ ते १७५० या काळात. नक्कल ठेवण्याचे महत्त्व आम्हा कारकुनांना कुणी शिकवायला नको, पण रुम्फियसची ती नक्कल आठवली की आमच्या आवक-जावक वह्यांकडे जरा आदराने पाहावेसे वाटते.

१७६३ साली लिनियसने या झाडाला शास्त्रीय नाव दिले ते 'ओसिमम स्क्युटेलारिऑइडिस'. ओसिमम म्हणजे तुळशीचे कूळ. होय, आपला कोलियस शास्त्राच्या पहिल्या दफ्तरात तुळस म्हणून नोंदला गेला होता! खोटे वाटत असेल तर उठा आणि दोन्हींचे दांडे बोटांत धरून फिरवून पाहा. दोन्ही चौकोनी लागतील. पाने समोरासमोर जोडीने, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात. वर मंजिरीसारखा तुरा. तुळस, सब्जा, पुदिना, मरवा, पाच, ही सगळी याच घराण्यातली. वृंदावनाच्या पायथ्याशी कोलियस लावणाऱ्या आमच्या आयाबायांनी लिनियस वाचला नव्हता, पण नात्यातली माणसे नात्यातल्यांच्या शेजारी बसवावीत तशी ती झाडे त्यांनी बसवली.

पुढे एकोणिसाव्या शतकात बेंथम या इंग्रज पंडिताने ते तुळशीच्या घरातून काढून लोरेइरोंच्या कोलियस कुळात आणले. जावा बेटावर काम केलेल्या ब्लूम या शास्त्रज्ञाच्या नावावरून त्यातल्या एका झाडाला 'कोलियस ब्लूमाय' असे नावही दिले. जुन्या बागकामाच्या पुस्तकांत तुम्हाला हेच नाव सापडेल. आज ही दोन्ही एकच जात मानली जाते.

इथवर कोलियस हे पंडितांचे झाड होते. ते श्रीमंतांचे झाड झाले १८६० नंतर. बेल्जियममधल्या घेंट शहरात आंब्रुआझ व्हर्शाफेल्ट नावाचा मोठा नर्सरीवाला होता. त्याच्याकडे जावाहून गडद किरमिजी पानांचा एक कोलियस आला आणि १८६१ मध्ये त्याच्याच नावाने तो प्रसिद्ध झाला. लंडनजवळच्या चिझिक येथे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. तिथल्या बाउझे नावाच्या माळ्याने या किरमिजी झाडाचा दुसऱ्या कोलियसांशी संकर केला आणि १८६८ च्या सुमारास त्याची रोपे लिलावात निघाली. एकेका रोपासाठी कित्येक गिनी मोजल्या गेल्या. वर्तमानपत्रांत 'कोलियस ज्वर' म्हणून थट्टा झाली.

एवढे वेड कशाचे? तर त्या काळात इंग्लंडात बागेत गालिचे विणायची पद्धत पडली होती. म्हणजे एका उंचीची, एका रंगाची शेकडो रोपे शेजारी शेजारी लावून जमिनीवर नक्षी काढायची. फुलझाडांची पंचाईत अशी की फूल आज आहे आणि उद्या नाही. कोलियसचा रंग मात्र पानातच, रोप लावल्या दिवसापासून थंडी पडेपर्यंत. शिवाय खुडावे तितके दाट होते.

पण या हौसेला एक खर्च होता आणि तो कोळशाचा. कोलियस हे उष्ण प्रदेशाचे लेकरू. दहा-बारा अंशांच्या खाली पारा गेला की पाने काळवंडतात, धुके गोठले की संपलेच. इंग्लंडात प्रत्येक हिवाळ्यात प्रत्येक जातीची निदान चार रोपे काचघरात, बंबाच्या उबेत जगवावी लागत. वसंतात त्यांच्या फांद्या कापून शेकडो नवी रोपे करायची, पावसाळी-थंड हवा सुरू झाली की पुन्हा आत. अशी साखळी पन्नासेक वर्षे चालली. पहिल्या महायुद्धात कोळसा आटला, माळी सैन्यात गेले. चॅट्सवर्थच्या प्रचंड काचघराची भट्टी युद्धात विझली, आतली झाडे मेली आणि १९२० मध्ये ते काचघरच पाडून टाकले. ते सगळ्यांत गाजलेले उदाहरण, पण लहानमोठ्या कित्येक काचघरांची गत तशीच झाली. लिलावात गिनी मोजून घेतलेल्या कोलियसांपैकी बहुतेकांचे मग नाव तेवढे जुन्या यादीत उरले.

इथे या झाडाचे एक वर्म सांगायला हवे, कारण माझ्या मते कोलियसचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. कोलियसचे बी धरते, उगवतेही चांगले, पण आईसारखे उगवत नाही. एका झाडाचे शंभर दाणे पेरले तर नाना तऱ्हा निघतील. काही जातींची नक्षी तर बियात उतरतच नाही, कारण एकाच झाडात दोन वेगळ्या घडणीच्या पेशींचे थर नांदत असतात. त्यामुळे एखादी जात तीच आणि तशीच ठेवायची तर एकच वाट आहे, छाट कलम. फांदी तोडा, रुजवा, पुन्हा तोडा, पुन्हा रुजवा. म्हणजे अमुक एक कोलियस जगात हजार घरी असला तरी तो एकाच झाडाचा देह आहे, तुकड्या-तुकड्यांनी पुढे चाललेला. ज्या दिवशी शेवटच्या घरातली शेवटची कुंडी वाळेल, त्या दिवशी ती जात संपली. बी ठेवून उपयोग नाही.

त्याच देहातून नवे कसे निघते तेही पाहण्यासारखे आहे. कधी कधी एखाद्याच फांदीचा रंग पालटतो. हिरव्या काठाच्या झाडावर एक फांदी अख्खी पिवळी किंवा अख्खी लाल फुटते. डोळस माणूस ती तोडून वेगळी लावतो, आणि झाली नवी जात. उलटही होते. नक्षीदार झाडावर एखादी निव्वळ हिरवी फांदी येते. तिच्यात हरितद्रव्य जास्त, म्हणून ती जोमाने वाढते आणि वेळीच छाटली नाही तर दोन महिन्यांत सगळे झाड गिळून टाकते.

विसाव्या शतकात कोलियस पुन्हा वर आला तो दोन वाटांनी. एक वाट बियाण्यांच्या कंपन्यांची. त्यांनी बियातून साधारण सारखी निघतील अशी मिश्रणे तयार केली आणि पाकिटांतून स्वस्तात विकली. अमेरिकेत त्याला 'गरिबाचा क्रोटन' म्हणू लागले. दुसरी वाट फ्लोरिडासारख्या उष्ण राज्यातल्या हौशी लोकांची. त्यांनी उन्हात टिकणारे, उशिरा तुरा धरणारे कोलियस निवडून फांद्यांनी वाढवले. पुढे फ्लोरिडा विद्यापीठानेही यात लक्ष घातले. २०१५ हे साल तिथल्या नॅशनल गार्डन ब्यूरोने कोलियसचे वर्ष म्हणून पाळले. मात्र या नव्या जातींपैकी पुष्कळांवर पेटंट आहे. फांदीने वाढणाऱ्या झाडांना पेटंट देणारा कायदा अमेरिकेत १९३० सालीच झाला. कुंडीच्या चिठ्ठीवर छापलेले असते की याच्या फांद्या लावण्यास मनाई आहे. जे झाड केवळ एकाने दुसऱ्याला फांदी दिली म्हणून तगले त्यालाच ही चिठ्ठी! नवी जात काढणाऱ्याच्या कष्टाचे मोल त्याला मिळावे हे मला मान्य आहे, पण ती चिठ्ठी वाचून हसू आल्यावाचून राहत नाही.

मेक्सिकोतल्या डोंगराळ भागातल्या माझातेक लोकांनी मात्र या परदेशी पाहुण्याला नात्यातच ओढले. वॅसन नावाच्या अभ्यासकाने १९६० च्या सुमारास नोंदवले आहे की एका पवित्र झाडाला ते कुटुंबातली बाई मानतात आणि कोलियसच्या वेगवेगळ्या रूपांना नर, बाळ आणि 'आहिजादो' म्हणतात. आहिजादो म्हणजे बाप्तिस्म्याच्या नात्याने झालेला मानसपुत्र. पोर्तुगीज 'अफिल्यादु'चाच हा भाऊ. गोव्यातल्या माणसाला हे नाते समजावून सांगायला नको.

आता नावांच्या भानगडीकडे परत येतो, कारण ती नुकतीच कुठे मिटली आहे. वनस्पतींच्या नावांत नियम असा की जे आधी छापले ते खरे. लोरेइरोंच्या ग्रंथाच्या दोनच वर्षे आधी, १७८८ मध्ये, फ्रान्समधल्या लेरितिए या पंडिताने 'प्लेक्ट्रँथस' नावाचे कूळ स्थापले होते. विसाव्या शतकात काही अभ्यासकांचे मत पडले की ही दोन कुळे वेगळी नाहीतच. झाले, दोन वर्षांच्या ज्येष्ठतेवर पाद्रीबाबांचे नाव रद्द. पानओवा प्लेक्ट्रँथस झाला. नक्षीदार कोलियस १९७५ मध्ये 'सोलेनोस्टेमॉन' झाला आणि काही वर्षांनी तोही प्लेक्ट्रँथसमध्ये गेला. नर्सरीवाले आणि बायामाणसे आपली कोलियसच म्हणत राहिली. फॉर्म एक-चौदावर नाव कुणाचेही चढो, जमीन कसणारा तोच असतो, तसे.

मग २०१९ साली लंडनच्या क्यू उद्यानातले पेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांच्या आधारे सगळ्या घराण्याची नव्याने वाटणी केली. त्यात कोलियस हे स्वतंत्र कूळ म्हणून परत उभे राहिले, २९४ जातींचे. लोरेइरोंना निधनानंतर सव्वादोनशे वर्षांनी न्याय मिळाला म्हणायचे. आणि या वाटणीत आपल्या दारची एक गोष्ट घडली. 'ॲनिसोकायलस' हे एक वेगळे कूळ मानले जात असे, ते कोलियसमध्ये विलीन झाले. त्या कुळातली एक वनस्पती म्हणजे आपली कापुरली. पावसाच्या शेवटी कातळावर, दगडाच्या खाचेत उगवते. जाड मांसल पाने, चुरगळली तर कापरासारखा वास, आणि टोकाला जांभळट फुलांचे कणीस. म्हणजे घेंट-लंडनच्या काचघरांत ज्या घराण्याचे लाड झाले, त्याची एक मुलगी कोकणच्या कातळावर कुणी पाणी न घालता मुकाट्याने वाढत होती, आणि ती त्या घराण्याची आहे हे २०१९ पर्यंत कागदोपत्री नव्हते. गोव्यात आज सडे ज्या वेगाने सपाट होताहेत ते पाहता कापुरलीला एकदा डोळे भरून पाहून घ्यावे.

गोतावळ्यात आणखी दोघे कामाचे आहेत. एक मैनमूळ. हिची मुळे गुजरातेत 'गरमर' म्हणून लोणच्यात पडतात. वडोदऱ्याच्या मराठी मंडळींना ही चव ठाऊक असणार. बेळगाव भागात कानडी लोक तिला माकंदी बेरु म्हणतात आणि तिची शेतीही करतात. १९७० च्या दशकात मुंबईच्या मुलुंडमधल्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात याच मुळांतून 'फोर्स्कोलिन' नावाचे द्रव्य वेगळे केले गेले. पेशींतले निरोप कसे चालतात हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. हल्ली बारीक होण्याच्या गोळ्यांतही ते घालून विकतात, त्याबद्दल न बोललेले बरे. दुसरा केरळातला कुर्का, बोटाएवढ्या काळपट कंदांचा. सोलताना हात काळे होतात, पण काचऱ्या करून परतला तर बटाट्याने लाजावे.

एवढे सगळे पुराण ऐकल्यावर कुणीही विचारील, ते असो, पण आमच्या कुंडीतला कोलियस का मरतो? गोव्यात तो मरतो तो दोनच कारणांनी, एक आषाढातल्या पाण्याने आणि दुसरे चैत्र-वैशाखातल्या दुपारच्या उन्हाने. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. कोलियसला दमट हवा मानवते, पण मुळाशी साचलेले पाणी चार दिवसही सोसत नाही. दांडा तळाशी काळा पडून मऊ झाला की ते झाड वाचत नाही, वरची निरोगी फांदी तेवढी कापून घ्यावी. म्हणून नुसती तांबडी माती कुंडीत भरू नये, ती चिखल होऊन बसते. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि जाडी रेती किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा सारखा सारखा घ्यावा. कुंडीचे भोक मोकळे ठेवावे. मृगाआधी कुंड्या पागोळ्यांच्या आत ओढून घ्याव्यात. पागोळीची धार सरळ रोपावर पडली तर माती उडून मुळे उघडी होतात.

उन्हाचे गणित मात्र जातीप्रमाणे बदलते, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. गडद किरमिजी, काळपट पाने असलेले कोलियस बऱ्यापैकी ऊन घेतात, किंबहुना ऊन मिळाले तरच त्यांचा रंग खुलतो. सावलीत ते हिरवट-तपकिरी, मळके दिसतात. फिकट पिवळ्या, पांढऱ्या मध्याच्या, पातळ पानांच्या जाती दुपारच्या उन्हात करपतात. त्यांना पूर्वेचे कोवळे ऊन नऊ-दहापर्यंत पुरे. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले तर कुठलीही जात लांबोडकी होते आणि पानांत हिरवा रंग चढतो. रोप दुपारी माना टाकते ते पाहून घाबरून बादलीभर पाणी ओतू नये. माती बोटाला ओली लागत असेल तर संध्याकाळी ते आपोआप उठते.

शेंडा खुडायला हात धजावत नाही, ही आपल्या लोकांची दुसरी खोड. रोप वीतभर झाले की शेंडा खुडलाच पाहिजे, म्हणजे बगलेतून दोन फांद्या फुटतात. तुरा दिसला की तोही खुडावा. निळ्या-जांभळ्या तुऱ्याची हौस असेल त्याने एखाद्या झाडावर ठेवावा, पण तुरा वाढला की झाड पाने सोडून बियांच्या नादी लागते, खालचा दांडा लाकडासारखा होतो आणि पाने गळतात. खत बेताने द्यावे. नत्र जास्त झाले की पाने मोठी होतात पण रंग विटतो. दांड्याच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, तेव्हा मुंग्यांची रांग दिसली की आधी पानांच्या पाठी तपासाव्यात. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून घेतले तर सुरुवातीला आटोक्यात येतो. पावसात गोगलगायी रात्री पाने खातात, त्या बॅटरी घेऊन वेचण्यावाचून गत्यंतर नाही.

बियांपासून करायचे असेल तर बी मातीवर नुसते भुरभुरवावे, झाकू नये, त्याला रुजायला उजेड लागतो. पानांची दुसरी-तिसरी जोडी येईपर्यंत रंगांचा अंदाज येत नाही. आणि एक सांगून ठेवतो, वाफ्यातली सगळ्यांत किडमिडी रोपे उपटून टाकू नका. ज्यांच्यात हिरवा अंश कमी ती हळू वाढतात, आणि पुष्कळदा तीच पुढे सगळ्यांत देखणी निघतात.

जात राखायची तर मात्र छाट कलमच. तुरा न आलेल्या फांदीचा चार बोटे लांबीचा तुकडा पेराच्या जरा खाली कापावा, खालची पाने काढावीत आणि पाण्यात ठेवावा. पाणी एक दिवसाआड बदलावे. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळे फुटतात. ती पेरभर लांब झाली की लगेच मातीत लावावीत. पाण्यातच फार वाढू दिली तर ती ठिसूळ होतात आणि मातीत जीव धरत नाहीत.

हे इतके सोपे असूनही जुने कोलियस आपल्या गावांतून कमी होत चालले आहेत. पूर्वी दुसऱ्याच्या दारात वेगळ्या रंगाचे झाड दिसले की जाता जाता एक फांदी मागून घ्यायची रीत होती. मागायची लाज वाटली तर न विचारता मोडून घ्यायची, आणि चोरलेली फांदी जास्त चांगली रुजते असे वर समर्थनही करायचे. आता वाड्यावाड्यांत बंद घरे आहेत. माणसे मुंबईला, आखातात, लिस्बन-लंडनला. चतुर्थीला कुलूप उघडते, चार दिवस माटोळी बांधली जाते, पुन्हा कुलूप. अशा घरासमोरची तुळस स्वतःच्या बियांनी अंगणाच्या फटींतून उगवत राहते. अबोली तग धरते, क्रोटन तर वर्षानुवर्षे उभा राहतो. कोलियस एका उन्हाळ्यात जातो. नर्सरीत पाकिटाच्या बियांपासून केलेली रोपे मुबलक मिळतात, ती चांगलीही असतात, पण त्यांत तो पिवळ्या पानावर किरमिजी शिंतोडे उडालेला किंवा तो झालरीच्या काठाचा, हाताच्या पंजाएवढ्या पानाचा कोलियस सापडत नाही. तो कुणाच्या तरी परसवात एकाच कुंडीत उरलेला असतो.

येत्या चतुर्थीला गावी जाणार असाल तर घरामागे, विहिरीच्या कठड्याशी, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर एक चक्कर मारा. सप्टेंबरात तिथे जे काही तगले असेल ते पावसावर पोसून जोमात असते. तुरा आला असेल तर खालची, तुरा नसलेली फांदी शोधा. ओल्या फडक्यात गुंडाळून वर केळीचे पान लपेटले तर ती दिवसभराच्या प्रवासात सुकत नाही. एकाच घरी दोन फांद्या नेऊ नका, दुसरी शेजाऱ्याला द्या.